नव्या फ्लोअरिंगवरचा पहारा

तिला घरातले आणि बाहेरचे सगळेच ताई म्हणत. लहानपणी ताप आला, उजवा पाय वाळत गेला आणि तेव्हापासून काखेत कुबडी आली. शाळा अर्ध्यावर सुटली. लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. शिंप्याकडचे शर्ट घरी आणून ती काजं करी, बटणं लावी, आणि भाऊ शेजारी बसून पाढे म्हणे. पुढे भाऊ शिकला, चांगल्या नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, त्यानं मोठा फ्लॅट घेतला. घरातलं जुनं सामान नव्या फ्लॅटमध्ये गेलं, त्याच्याबरोबर ताईही गेली.

तिथं तिला कुणी वाईट वागवलं असं नाही. वेळेवर जेवण होतं, आजारी पडली तर डॉक्टर होता. फक्त तिला कुणी काही विचारत नसे. पडदे कुठले घ्यायचे, भाजी काय करायची, खिडकी उघडी ठेवायची की बंद, कशात म्हणून तिचं मत लागत नसे. ती बोलायला लागली की भावजय हसून म्हणे, "ताई, तुम्ही कशाला डोकं शिणवता?" आणि ताई गप्प बसे. अशी वीस-बावीस वर्षं गेली.

मग भावजयीनं घराचं रूपच पालटायचं ठरवलं. नवं स्वयंपाकघर, नवे रंग, आणि दिवाणखान्यात खऱ्या लाकडाचं फ्लोअरिंग. फ्लोअरिंग बसवणारा कारागीर म्हणाला, "आधी सुतारकाम आणि रंग उरकून घ्या. लाकूड सगळ्यात शेवटी." पण लाकूड येऊन पडलं होतं, भावजयीला धीर नव्हता. तिनं ते आधीच बसवून घेतलं. मधासारख्या रंगाचं, हात फिरवत राहावं असं लाकूड होतं ते. पहिल्या दिवशी भावजय त्याच्यावर चक्क आडवी झाली आणि गाल टेकून पडून राहिली.

कारागिरानं जाताना नीट बजावलं. "आधी झाडून घ्या, वाळूचा कण राहिला तरी तो घासणार. वर जाड पुठ्ठा अंथरा. चिकटपट्टी पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायला वापरा, लाकडाला लावू नका, पॉलिश निघेल. शिडी ठेवाल तिथं खाली प्लाय घाला. पुठ्ठ्यानं ओरखडे थांबतात, टोचलेलं थांबत नाही. टोकदार काही टेकलं की खड्डा पडलाच."

काम चालू असताना घरच्यांनी भाड्याच्या जागेत राहायचं ठरलं. भाऊ ताईच्या खोलीत येऊन बसला. असा तो कितीतरी वर्षांत बसला नव्हता.

"ताई, त्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तुला जिने झेपायचे नाहीत. तू इथंच राहा, डबा पाठवू आम्ही. आणि खरं सांगू? कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच आहे. ही कामाची माणसं म्हणजे... तुझ्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू?"

"आणि कुणी माझं ऐकलं नाही तर?"

"हाकलून दे."

ते दोन शब्द ताईनं मनात घोळवले. आयुष्यात तिला कुणाला हाकलायचा अधिकार मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्ची दिवाणखान्याच्या मधोमध लागली. खुर्चीच्या पायांना तिनं स्वतः फडकी बांधली. आपल्याला इतका मोठा आवाज आहे हे तिला तेव्हाच कळलं. वायरमनच्या हातून स्क्रू ड्रायव्हर सुटला, तो पडला प्लायवर, लाकडाला काही झालं नाही. तरी तिनं त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत जिन्यात उभं ठेवलं. सुतारानं फळी उचलायच्या ऐवजी ओढली, तर तिनं त्याला "चुकलं" म्हणायला लावलं. तो म्हणाला. "ऐकू आलं नाही," ती म्हणाली. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं, बाकीच्यांच्या देखत. माणसं मागं तिला फौजदारीणबाई म्हणत. तिच्या कानावर ते गेलं आणि तिला ते आवडलं. कुणी काय करतंय ते बघायला ती दिवसभर खुर्चीवरून उठे, दारापाशी जाई, बाल्कनीपाशी जाई, स्वयंपाकघरात डोकावे आणि परत येऊन बसे. इतकी ती कधी चालली नव्हती. जेवणही तिला चांगलं जाऊ लागलं.

मग पेंटर आला. साठीचा, बारीक चणीचा, हाताचा सफाईदार. पायात जाड, मऊ तळाचे बूट.

"बूट बाहेर," ताई म्हणाली.

"ताई, मला शुगर आहे. पाय बधिर झालेत. डॉक्टरांनी अनवाणी एक पाऊलही टाकू नका म्हटलंय. बूट स्वच्छ आहेत बघा, इथं घालायलाच वेगळे आणलेत." त्यानं बुटाचा तळ वर करून दाखवला. तळ खरंच स्वच्छ होता.

ताईनं तो पाहिला. पायाचं दुखणं काय असतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"झेपत नसेल तर दुसरीकडे काम बघा," ती म्हणाली.

 पेंटरनं खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या.

तो मोज्यांवर काम करू लागला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पुठ्ठ्यावर तांबडे डाग दिसले, शिडीपासून बादलीपर्यंत आणि परत. ताईला आधी वाटलं रंग सांडला. मग पेंटरच्या मोज्याकडे लक्ष गेलं. सुताराच्या खिळे मारायच्या बंदुकीतली पिन तळव्यात पार शिरली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. तो बोलत बोलत भिंत रंगवत होता.

"अहो, थांबा!" ताई ओरडली. कुबडी टेकत ती आली, खाली वाकली, आणि आधी पुठ्ठा उचलून पाहिला. रक्त लाकडापर्यंत गेलं नव्हतं.

पेंटरनं पाय पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. पिन त्यानं स्वतःच उपटली. "आता जातो दवाखान्यात," म्हणाला, आणि एका पायावर उड्या मारत, भिंतीचा आधार शोधत निघाला.

"भिंतीला हात लावू नका," ताई म्हणाली. "रंग ओला आहे."

त्यानं हात मागं घेतला.

ताईनं भाड्याच्या जागेवर फोन केला. भावजयीनं विचारलं, "खाली काही गेलं का?"

"नाही. मी बघितलं."

"बरं झालं तुम्ही होतात, ताई," भावजय म्हणाली. त्या एका वाक्यावर ताई दोन दिवस खूश होती.

पेंटर परत आला नाही. त्याच्या जागी दुसरा आला, त्याच्याच ओळखीतला. तो काही बोलत नसे. एकदा ताईनंच आधीच्या पेंटरचं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, आधी अंगठा काढला, मग जखम वर सरकली, तेव्हा घोट्यापासून पाय कापला.

"त्यांनी आधी सांगायला हवं होतं," ताई म्हणाली.

"त्यांनी सांगितलं होतं ना, ताई?"

  ताईनं कुबडी शिडीकडे रोखली, म्हणाली, "शिडीखाली प्लाय घाला आधी."

काम संपलं. घरचे परत आले, आणि पुठ्ठे उचलायचा दिवस उजाडला. भाऊ आणि भावजय दोघं गुडघ्यांवर बसून चिकटपट्ट्या सोडवत होते. पहिला पुठ्ठा निघाला आणि भावजयीच्या तोंडून आवाज निघाला, कुणीतरी चिमटा काढावा तसा. लाकडावर बारीक गोल खड्डे होते. एक नाही, दोन नाहीत. पुठ्ठे निघत गेले तसे खड्डे वाढत गेले.

"त्या लंगड्या पेंटरची शिडी!" भावजय रडत म्हणाली.

"त्याचीच असणार," ताई लगेच म्हणाली. "माझं ऐकतच नव्हता मेला."

 भाऊ खड्ड्यांच्या मागं मागं गेला. खड्डे ताईच्या खोलीपासून खुर्चीच्या जागेपर्यंत आले होते, तिथून दाराकडे, तिथून बाल्कनीकडे आणि परत. तो उठला, ताईजवळ आला आणि तिच्या काखेतून कुबडी ओढून घेतली. ताईनं खुर्चीची पाठ धरली म्हणून पडली नाही. त्यानं कुबडी उलटी केली. टोकाचं रबर झिजून त्यातून लोखंडी कड वर आली होती. ती त्यानं एका खड्ड्यावर टेकवली. काजात बटण बसावं तशी ती बसली.

"ताई," तो म्हणाला, "राखण करत होतीस की शिक्के मारत होतीस?" आणि हसला. भावजय हसली नाही.

"नवं रबर आणून दे," ताई म्हणाली. "नवं बसवलं की झालं."

"हे झिजलेलं तुम्हाला कळलं नाही," भावजय म्हणाली. "पुढचं झिजलं की कळेल कशावरून? आम्ही तुमच्या मागं मागं फिरायचं का आता?"

आठवड्याभरात चाकांची खुर्ची आली. मऊ, रुंद रबरी चाकं. लाकडाला चालतात असं दुकानदारानं सांगितलं होतं. कुबडी माळ्यावर गेली. भावानं समजूत घातली, "आराम कर आता, ताई. खूप चाललीस." येणाऱ्याजाणाऱ्यांना भावजय सांगे, "ताईंना आता त्रास नको म्हणून आणली." लोक ताईकडे बघून मान हलवत आणि मग फ्लोअरिंगकडे वळत. खड्डे कारागिराकडून भरून घेतले होते. ऐन उजेडात निरखून पाहिलं तरच दिसत.

खुर्ची बाथरूमच्या दारातून आत जात नसे. कुणी येईपर्यंत ताई दाराबाहेर थांबून राही. सुरुवातीला ती हाका मारी. "आले, आले," भावजय तिच्या खोलीतून म्हणे, आणि फोनवरचं बोलणं संपवून येई. हळूहळू ताईनं पाणी पिणं कमी केलं. एकदा घरात कुणी नसताना ती भिंतीला धरून उठायला गेली. चांगल्या पायानंही तिला उचललं नाही. ती लाकडावर पडली, आणि संध्याकाळी भाऊ येईपर्यंत तशीच पडून राहिली.

तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दोन्ही पाय दाबून पाहिले, उजवा, मग डावा. डाव्याशी जरा जास्त वेळ थांबले.

"या पायाला तर काही झालेलं नाही. नुसता बसून बसून गेलाय. या चालायच्या कधी बंद झाल्या?"

"त्या कधी नीट चालतच नव्हत्या," भावजय म्हणाली.

ताईनं भावाकडे पाहिलं. "मी चालत होते," ती म्हणाली. "दिवसभर चालत होते. सांग ना यांना."

भाऊ हातातल्या मोबाइलमध्ये बघत होता. "डॉक्टर," तो म्हणाला, "उचलायला बाई ठेवली तर चालेल ना?"

डॉक्टर म्हणाले, चालेल.