मिटल्या दातांतून

लग्न होऊन मी मेडशीला आले ती नवऱ्याची दुसरी बायको म्हणून. पहिली बाळंतपणानंतर धनुर्वातानं गेली होती. शेवटी तिची दातखीळ बसली होती, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या वर्षी ज्वारीच्या सोंगणीत एका सकाळी उठले, तर माझा जबडा उघडेना. कानाजवळ ठणका लागला होता आणि दातांत बोटही शिरत नव्हतं. डॉक्टर वाशीमला, बैलगाडीनं दिवसभराची वाट. दुपारी तहानेनं जीव कासावीस झाला, तेव्हा मिटल्या दातांतूनच मी सासूला म्हणाले, "पानी द्या."

तो आवाज मलाच परका वाटला. सासू जागच्या जागी थिजली. मग तिनं वाटी माझ्या ओठांना लावली आणि कुजबुजली, "घे माय. तवा मी तुले पानी देलं नाई. आता जाय, इले सोड."

बघत ती माझ्याकडेच होती, पण बोलत माझ्याशी नव्हती.

गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकून शेकून तिसऱ्या दिवशी माझं तोंड उघडलं. मी सासूला त्याबद्दल कधी विचारलं नाही. ती मात्र पुढं कधी माझ्यासोबत घरात एकटी थांबली नाही. मी आत आले, की ती अंगणात जायची.