नख न लावता

"हा चेंडू तूच दाब, पोरी," असं म्हणून भीमरावमामा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कुंभकोणमच्या एका नर्सिंग होममध्ये मी फिजिओथेरपिस्ट होते, पेशंटच्या घरी व्हिजिटलाही जायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे नोकरीचं फार अप्रूप होतं. मामा रिटायर्ड पोस्टमास्तर, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. स्ट्रोकने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. जेवण सुटलं होतं, झोपही उडाली होती.

"पेशंटच नको म्हणतोय. व्हिजिट बंद करा," डॉक्टर म्हणाले.

"सर, एक आठवडा द्या."

"आठवडाच."

स्ट्रोकनंतरचे सुरुवातीचे महिने मोलाचे. तेव्हा हात वापरला नाही तर पुढे तो फारसा सुधारत नाही.

त्या दिवशी मामींनी मला परस दाखवलं. तुळशीची रांग वाळत चालली होती. "पूजेची तुळस तेच खुडायचे. मी पाणी घालते तर म्हणतात, कुणासाठी?"

आम्ही वैष्णव तुळशीला नख लावत नाही. अंगठा आणि बोट यांच्या मऊ टोकांनी खुडतो. आमच्या धंद्यात यालाच पिंच ग्रिप म्हणतात. चेंडू मी पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी मामांची खुर्ची परसात नेली.

"डाव्या हाताने खुडतो," मामा म्हणाले.

"देवाला चालेल?"

"फार शिकलीस तू." पण उजवा हात उचलला. बऱ्याच वेळाने एक पान हाती आलं, तेही फाटलेलं. ते निरखत म्हणाले, "नख लागलं. उद्या बघू."

उद्याचं काही बोलले, असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग तांब्याने पाणी घालणं सुरू झालं. द्वादशीला गेले, तर म्हणाले, "आज तुळस खुडत नाहीत. तुझी सुट्टी."

"पाणी घालतात ना?"

"घालतात," मामा हसले, आणि मामींकडे वळून म्हणाले, "आधी इडली आण."

आठवडा संपला तेव्हा डॉक्टरांनी हात तपासला. "व्हिजिट चालू ठेवा. ट्रीटमेंट काय लिहू?"

"पिंच ग्रिप ट्रेनिंग."

"आणि जेवायला लागले, झोपतात, त्याचं काय?"

त्याला आमच्या पुस्तकात नाव नव्हतं. मामांची सही पुढेही वाकडीच राहिली. पूजेची तुळस मात्र ते स्वतः खुडू लागले, आणि रांगेत नवी रोपंही आली.

आता नव्या पेशंटच्या घरी गेले की मी आधी परसात डोकावते. रिपोर्ट नंतर वाचते.