दोनदा विचारलं होतं

एडमंटनच्या मराठी मंडळात छाया बोरकरांना सगळे जरा वचकून असत. स्वभाव वाईट म्हणून नव्हे. कोणी काही मोघम बोललं की बाई चष्मा खाली करून विचारायच्या, "म्हणजे नक्की काय?" 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा होता. याला कारणही तसंच होतं. एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावली, आणि एकाही माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नाही. हे त्या स्वतः सांगत नसत; पण दुसऱ्या कोणी सांगायला लागलं तर अडवतही नसत. नाव दोनदा विचारायचं, मगच लिहायचं, एवढाच त्यांचा नियम. तो त्यांनी घरी नवऱ्यालाही लावला, मुलालाही लावला आणि कुंपणापलीकडच्या स्टेलिओसलाही लावला.

स्टेलिओसचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं. ग्रीसमधल्या एका चिमुकल्या बेटावरून तो तरुणपणी इकडे आला होता. त्या बेटाला तो 'माय रॉक' म्हणायचा. बायको युक्रेनियन होती, ती लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे अठ्ठावीस वर्षं शेजारी राहूनही त्याच्या घरातून ग्रीक शब्द कधी छायाताईंच्या कानावर आला नाही. दोघांचं सगळं बोलणं इंग्रजीत चाले, दोघांच्याही आपापल्या इंग्रजीत. छायाताईंचे यजमान गेले त्या हिवाळ्यात त्यांचा ड्राइव्हवे रोज सकाळी बर्फ उपसून साफ झालेला असायचा. तेव्हा "कोणी शोव्हल केला?" असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा स्टेलिओस म्हणाला, "वारा होता, मिसेस छाया." खोटं बोलूनही छायाताईंच्या मनातून न उतरलेला हा एकच माणूस. दर रविवारी त्याच्याकडे आमटीचा डबा जाऊ लागला. तो ती पावाबरोबर खायचा आणि छायाताई तेही चालवून घ्यायच्या.

त्याला एक बहीण होती, कलियोपी. आई वारली तेव्हा इकडच्या बर्फात विमानं अडकली आणि स्टेलिओस वेळेवर पोचला नाही. बहीण फोनवर म्हणाली, आता येऊच नकोस. तो गेला नाही. तिनेही बोलावलं नाही. अशी एकोणीस वर्षं गेली. तिचा फोटो मात्र त्याच्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्यावर टेकून उभा असायचा.

मग एका मे महिन्यात, गुरुवारी, स्टेलिओसला स्ट्रोक आला. जीव वाचला, पण इंग्रजी गेलं. पन्नास वर्षं बोललेली भाषा पुसल्यासारखी गेली आणि जिभेवर उरलं ते जड, अडखळतं ग्रीक. असं होतं कधी कधी, डॉक्टर म्हणाले. लाँग वीकेंड होता, दुभाषी मंगळवारी येणार होती. छायाताईंना तेवढा दम निघेना. त्यांनी त्याच दिवशी त्याच्या घरातून तो फोटो आणि नंबरांची वही आणली, फोटो त्याच्या डोळ्यांसमोर धरला, दुसऱ्या हातात फोन धरला आणि विचारलं, "कलियोपी? कॉल करू?"

त्याने त्यांचं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांतून पाणी आलं. तो म्हणाला, "ने."

छायाताईंनी नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं. "ने…" तो पुन्हा म्हणाला. या वेळी शब्द अर्ध्यात तुटला.

रेवदंड्याला त्यांच्या माहेरी 'नाही' असं पूर्ण कोणी म्हणतच नसे. तिथे सगळे म्हणायचे 'नै'. आणि इथल्या इंग्रजीतही 'नो', 'ने' असल्या आवाजाचा अर्थ काही 'हो' होत नव्हता. काय हा हट्ट, मरणाच्या दारातसुद्धा! असं त्यांच्या मनात आलं. पण ज्याची इच्छा त्याची. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. सोमवारी पहाटे स्टेलिओस गेला.

मग मात्र बहिणीला कळवणं भाग होतं. बेटावरच्या कॉफीच्या दुकानदाराला थोडं इंग्रजी येत होतं, तो मध्ये उभा राहिला. बातमी ऐकून म्हातारीने एकच विचारलं, "त्याने माझं नाव काढलं?" दुसरं कोणी असतं तर दोन गोड शब्द बोलून मोकळं झालं असतं. छायाताई म्हणाल्या, "मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पुढे स्टेलिओसचं घर रिकामं करताना बेसमेंटमध्ये एक खोका सापडला. आत बायकी सँडलचा जोड होता, तपकिरी चामड्याचा, हाताने शिवलेला, एकदाही न घातलेला. झाकणावर ग्रीक अक्षरं होती. वॉटर्लूहून आलेल्या नातीने, ऊर्मीने, फोनमधलं भाषांतराचं ॲप धरून ती वाचली. "कलियोपी लिहिलंय आजी. आणि डेट मागच्याच वर्षीची आहे."

छायाताई खोका मांडीवर घेऊन बसून राहिल्या. बहिणीला नाही म्हणणारा माणूस तिच्यासाठी सँडल शिवतो? हे जुळत नव्हतं. लॅबमध्ये असं न जुळणारं काही आलं की तपासणी पुन्हा करायची असते. ऊर्मी म्हणाली, "कुरिअर कर ना." त्या म्हणाल्या, "मी स्वतः नेणार."

त्या बेटावर बोट आठवड्यातून दोनदा जायची, तीही समुद्राची मर्जी असेल तर. ऊर्मी ओंटॅरिओच्या तळ्यांवर शिडाची बोट चालवायला शिकली होती. तिने चार दिवसांसाठी एक यॉटच ठरवली, एलेनी नावाच्या कॅप्टन बाईसकट. पुढच्या सप्टेंबरात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, छायाताई शिडाखाली बसून निघाल्या. टोपी हनुवटीखाली बांधलेली, खोका ग्रोसरीच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. मुलाला वाटलं होतं आईला बोट लागेल. रेवदंड्याच्या खाडीत लहानपण गेलेल्या बाईला कसली बोट लागते! उलट ऊर्मीनेच रेलिंगला धरून दोनदा ओकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेट दिसलं. खरोखरच दगड होता तो. उघडा, करडा, एका कुशीत चाळीसेक घरं. एलेनीने धक्क्यावर फोन लावला. "ने," ती म्हणाली. "ने, ने. ने."

"जागा नाही म्हणतायत वाटतं," छायाताई ऊर्मीला म्हणाल्या. "आता कुठे थांबायचं?"

ऊर्मी हसली. "नो आजी, दॅट्स येस! ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. फनी ना? मलाही कालच कळलं."

छायाताईंनी एलेनीकडे बघितलं. "ने म्हणजे हो? नक्की?" एलेनीने होकाराची मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं. एलेनी म्हणाली, "ने, मॅडम. येस."

एलेनी शीड उतरवायला लागली, ऊर्मी दोर आवरायला गेली, आणि छायाताई पिशवीच्या बंदांना घट्ट धरून बसल्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. तो दाराकडे बघत पडलेला असायचा आणि त्यांना वाटायचं, नर्सची वाट बघतोय. रोज त्या तिथे होत्या. फोन रोज पर्समध्ये होता.

ऊर्मी परत आली तेव्हा आजी रडत होती. तिने आजीला कधी रडताना पाहिलं नव्हतं. सगळं ऐकल्यावर ती हळूच म्हणाली, "आजी, यू डोन्ट हॅव टू टेल हर. शी'ज एटी-एट. सँडल देऊ आणि निघू. प्लीज."

जिवावर आलं होतंच. न सांगितलं तर कोणाला कळणार होतं? पण न सांगितलं तर ती म्हातारी, भावाने मरतानाही मला नाकारलं, असंच धरून मरणार होती. आणि तो नकार स्टेलिओसचा नव्हता, तो छायाताईंनी स्वतःच्या हाताने त्याच्या नावावर चिकटवलेला होता. "चूक कळल्यावर गप्प बसणारी माणसं मी लॅबमधून काढायला लावली आहेत," त्या म्हणाल्या. "मला हात दे, उतरायचंय."

कलियोपीचं घर चढावर होतं. ती दारातल्या खुर्चीत बसली होती, स्टेलिओसचंच नाक, स्टेलिओसच्याच भुवया. पाहुणी कोण ते कळल्यावर तिने बस म्हटलं नाही. छायाताई उभ्या राहूनच बोलल्या, मराठीत, कारण इंग्रजी त्या क्षणी त्यांनाही सुचेना. ऊर्मीने ते इंग्रजीत सांगितलं, एलेनीने ग्रीकमध्ये. "मी त्यांना विचारलं, तुम्हाला फोन करू का. ते 'ने' म्हणाले. आमच्या भाषेत तसं 'नाही'ला म्हणतात. मी फोन केला नाही. तुम्हाला मी चुकीचं सांगितलं. ते हो म्हणाले होते, दोन्ही वेळा."

म्हातारीने एलेनीला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ती छायाताईंकडे वळून काहीतरी म्हणाली. एलेनी खाली बघत म्हणाली, "ती विचारतेय, त्यानंतर तो किती दिवस जगला?"

"चार."

"चार दिवस तो माझ्या फोनची वाट बघत होता?"

याला मराठीची किंवा इंग्रजीची गरज नव्हती. छायाताई म्हणाल्या, "ने."

कलियोपीने तोंड फिरवलं. छायाताईंनी खोका तिच्या पायाशी ठेवला आणि निघायला वळल्या. क्षमा मागायचं त्यांच्या मनात होतं, पण ती मागायला तोंड कुठे होतं? मागून झाकण उघडल्याचा आवाज आला. म्हातारीने सँडल उलटा करून टाके बघितले, एकेका टाक्यावरून अंगठा फिरवला. मग ती एलेनीशी बोलली.

"ती म्हणतेय," एलेनी म्हणाली, "त्याचा आवाज तिने एकोणीस वर्षं ऐकला नव्हता. तुम्ही ऐकलाय. तो जसा म्हणाला, तसंच्या तसं म्हणून दाखवा."

छायाताई तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. त्यांनी डोळे मिटले. जड जीभ, आधी पूर्ण, मग अर्ध्यात तुटलेलं. यात त्यांना कुठेही अंदाज करावा लागला नाही.

"ने," त्या म्हणाल्या. "ने…"

कलियोपीने त्यांचं मनगट धरलं, त्याने धरलं होतं तसंच घट्ट, आणि पुन्हा म्हण म्हणून सांगितलं.