घरात एक पदवीधर

मी गाव सोडलं त्या सकाळी कांतानं माझी पिशवी मला उचलू दिली नाही. कांता माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. आमच्या खेड्यापासून पिंपळगाव राजाच्या रस्त्यावरचा फाटा काही लांब नाही, पण तेवढ्यात तिला तीनदा बसावं लागलं. एकदा शेताच्या धुऱ्यावर, एकदा पुलाच्या कठड्यावर आणि एकदा भर रस्त्यातच. आम्ही थांबलो की म्हणायची, "काऊन थांबले सारे? मी पऱ्हाटी पाहून राह्यली." दोन्ही बाजूंना बीटीची कपाशी बोंडांनी वाकली होती. नवं बियाणं होतं तेव्हा, लोक दुसऱ्या गावाहून बघायला यायचे. पण ती पऱ्हाटीकडे बघत नव्हती आणि मी तिच्या ओठांकडे बघत होतो. जांभळट झाले होते.

बस आली. बाबांनी खताच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली माझी पदवी खिडकीतून आत दिली. "दुमडू नको," एवढंच म्हणाले. कांता खालून ओरडली, "दादा, पुण्यात मले-तुले नको करू. हासतीन लोक."

"मग तूच चाल. माह्या बदली बोलजो."

"येईन ना. वॉल बसला का येतेच."

वॉल म्हणजे तिच्या हृदयाची झडप. बाबा गावभरच्या विहिरींवरचे फुटवॉल दुरुस्त करायचे, त्यामुळे आमच्या घरात त्या दुखण्याला तोच शब्द पडला. "बाबाले एका दुपारचं काम," ती म्हणायची. "डॉक्टरच लय भाव खाऊन राह्यले."

लहानपणी तिला ताप आला, सांधे सुजले, ते गेले. पण तो ताप झडप खराब करून गेला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. दर एकवीस दिवसांनी एक सुई घ्यायची होती, म्हणजे दुखणं वाढत नाही. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, फ्रिज होता, सुई कधी असायची, कधी नसायची. सुई असायची त्या दिवशी सिस्टर शिबिराला गेलेल्या असायच्या. कांता जाऊन यायची, पायी.

आता मला जे सांगायचं आहे ते मी आजवर गावातल्या माणसांना आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनाही सांगितलेलं नाही.

मी बी.ए. झालो त्या वर्षी घरोघरी पाहणी आली. कोण गरीब आणि कोण नाही, हे ठरवायची यादी. प्रश्न दिल्लीहून ठरून आलेले, विचारायला आमचे रशीद गुरुजी. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनीच पाटीवर अ आ ई गिरवून दिलं होतं, मलाही. ते अंगणातल्या बाजेवर बसले आणि विचारू लागले. जमीन किती, भिंती कशाच्या, दोन वेळा जेवता का. बाबा जमिनीकडे बघून उत्तरं देत होते. माणशी कपडे किती, असा एक प्रश्न होता.

"मोजू का गुरुजी?" कांता म्हणाली. "एक अंगावर, एक दोरीवर."

गुरुजी हसले. मग त्यांनी विचारलं, घरात सर्वांत जास्त शिकलेलं कोण?

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "लिहा, बी.ए. फर्स्ट क्लास हाय."

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. "नामदेवभाऊ, ऐका. या कागदात शिक्षणालेबी गुण हायेत. गुण वाढले का घर यादीतून वर निघते. घरात दुखणं हाय, यादीत असलेलं बरं. बारावी लिहू? बारावीबी झालाच हाय ना तो."

"बारावी काऊन?" बाबा म्हणाले. "बी.ए. का चोरून आणलं त्यानं?"

गुरुजींनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तूच सांग बेटा. तुले समजते."

मला समजत होतं. त्या अंगणात मला एकट्यालाच तो फॉर्म वाचता येत होता आणि मी तो उलटा ठेवलेला असतानाच वाचून काढला होता. मी पेन घेतलं. त्यांच्या रकान्यात माझ्या हातानं लिहिलं: पदवीधर. अक्षर फार सुंदर आलं. ते गुरुजींनीच वळवून दिलेलं होतं.

पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. आमचं घर काठावरून वर, यादीबाहेर गेलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी अकोल्याच्या डॉक्टरांनी कांताला तपासून सांगितलं, सुईचे दिवस गेले, आता ऑपरेशन. सरकार करून देतं, पिवळं रेशनकार्ड घेऊन या. पिवळं कार्ड यादीतल्यांना. आमचं केशरी.

पिवळं कार्ड मिळावं म्हणून मी अर्ज लिहिला. कचेरीतल्या बाबूनं तो शेवटपर्यंत वाचला. "कोणाकडून लिहून घेतला?"

"मीच लिहिला, साहेब."

"एवढं चांगलं लिहिता येते, मग गरीब कसे बे तुम्ही?"

त्याचं हे वाक्य अजून माझ्या कानात बसलेलं आहे. दिल्लीत बसून कुणीतरी ठरवलं होतं की एक पोरगा शिकला की ते घर गरीब राहत नाही. माणूस वाईट नसेल तो. त्याचं म्हणणं कधीतरी खरंही ठरलं, आमच्या घरात ठरलंच. पण ते खरं ठरायला चार-पाच वर्षं लागतात. कांताकडे तेवढी नव्हती.

म्हणून मी पुण्याला आलो. नोकरी लागेल, तिला इथंच आणू, असं ठरलं होतं. एका कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर पत्ते लिहायचं काम मिळालं. पोरं हसायची. "मले-तुले बोल ना रे एकदा," म्हणायची. मी पुण्याचं मराठी शिकलो, बी.ए. शिकलो तसंच, घासून.

तीन महिनेही झाले नव्हते. शेवटची वेचणी चालू होती. दुपारी ऑफिसच्या फोनवर बाबांचा आवाज आला. "कांता पऱ्हाटीच्या तासात बसली. आमाले वाटलं नेहमीसारखी बसली."

माय म्हणते, तिची ओटी कापसानं भरलेली होती.

आज मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सरकारी योजनेच्या टेबलावर बसतो. नंबर टाकायचा, यादीत नाव आहे का बघायचं, कागद पुढे पाठवायचे. इमानानं सांगतो, आता योजना मोठी झाली आहे. झडपांची ऑपरेशनं माझ्यासमोर मंजूर होतात, पोरी चालत घरी जातात. अशी एखादी पोरगी जाताना मी खाली बघतो. आणि ज्यांचं नाव निघत नाही त्यांना ते सांगायचं कामही माझंच. मागे एक म्हातारे आले होते, लोणारकडच्या बीबी गावचे. नाव निघेना. "मले काऊन नाई?" ते म्हणाले. "मी का बिमार पडाले लायक नाई?" माझ्या तोंडून निघालं, "थांबा ना काका, पाहून राह्यलो." ते चमकले. "अरे! तुमी तर आपल्याकडचे!" मग त्यांनी खुर्ची ओढली आणि नाव निघणारच असं समजून निवांत बसले. मला बाहेर जाऊन तोंड धुवावं लागलं.

गावी जातो तेव्हा त्याच फाट्यावर उतरतो. बीटीचं ते नवंपण केव्हाच संपलं. बोंडात गुलाबी अळी निघते, ज्यांनी आमची पऱ्हाटी बघायला चकरा मारल्या त्यांची पोरं आता माझ्याच आसपास पुण्यात खोल्या करून राहतात. पूल तसाच आहे. कठड्यावर कुणी बसलेलं असलं तर मी चेहरा दिसेपर्यंत थांबतो. बावीस वर्षं थांबतो आहे.

यंदा बाबांचा फोन आला. "तुह्यं नाव कमी केलं बरं कार्डावरून. राग नको मानू."

"काऊन बाबा?"

"मायची छाती दुखते. घरात पगारी मानूस दिसला तर पुन्हा काही काढतीन. साहेबानं इचारलं, घरात शिकलेलं कोणी हाय का? मी म्हटलं, कोणीच नाई." मग म्हणाले, "मी आता शिकलो बे."

माझी पदवी मात्र अजून त्यांच्या भिंतीवर आहे. पहिल्या पगारात मीच काचेत घालून नेली होती. ते रोज पुसतात.

महिन्याभरानं माय पुण्याला आली, माझ्याच टेबलासमोर बसली. मी कार्डाचा नंबर टाकला. यादी उघडली. पहिलं नाव बाबांचं, दुसरं मायचं. आणि तिसरं होतं. कांता नामदेव, वय एक्केचाळीस. इतकी वर्षं मशीन तिचं वय मोजत राहिलं होतं. बाबांनी जिवंत पोराचं नाव कमी केलं होतं आणि तिचं तसंच ठेवलं होतं. कार्ड चालू होतं. त्या दिवशी, त्या नंबरावर, तिचा वॉल बसला असता.

लोक विचारतात, तुमचं घर कुठलं. मी बुलढाणा जिल्हा सांगतो. मनात मात्र ती तीन नावं येतात, ज्यांत मी नाही आणि ज्यांना आता दवाखाना 'नाही' म्हणू शकत नाही.

मयत माणसाची नोंद आमच्याकडे लगेच करावी लागते, नियम आहे. मी त्या ओळीवर गेलोही. माय पलीकडून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाचता येत नाही.

"तिचं नाव हाय का अजून?"

"हाय."

"राहू दे," माय म्हणाली. "आता कुठं यादीत लागलं."