न वाचलेलं नाव

यादीत ते नाव मीच घेतलं नाही. कमिटीला ते ठाऊकही नव्हतं, मला होतं.

नागपुरातल्या आमच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये वर्धापनदिनाला, सेवा करून गेलेल्या पाळकांची नावं पुलपिटावरून, म्हणजे प्रवचनाच्या मंचावरून, वाचतात. प्रत्येक नावाला लोक उभे राहतात. पहिलं नाव राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या गोऱ्या पाद्रीसाहेबाचं. सेक्रेटरी म्हणून यादी मी करतो.

पहिल्या बाकावरच्या आजी दरवर्षी म्हणायच्या, "माह्या पणज्याचंही नाव वाच ना गा. एकदा उभी राहीन, मंग खुशाल मरीन." पणजा उमरेडचा विणकर, साहेबाच्या हाताखालचा उपदेशक. मी म्हणायचो, "त्यांनी पाळकाचं काम केल्याचा पुरावा आणा, आजी."

पुरावा यंदा मलाच सापडला. चर्चच्या कपाटात साहेबाची रोजनिशी होती. घोड्यावरून पालथी घातलेली खेडी, तंबूतला ताप, इथंच पुरलेली दोन लेकरं, सगळं त्यात होतं. आणि हेही, की साहेबाला मराठी कधी धड आलीच नाही. बोलायचा तो विणकर. साहेब आजारी पडला की तोच कुही गावापर्यंत पायी जायचा, प्रवचन करायचा. त्याने पाळकपदाची दीक्षा मागितली की साहेब दरवर्षी लिहायचा, अजून तयार नाही.

पण स्मरणिकेत माझा लेख छापून आला होता: साहेबाच्या अस्खलित मराठीने माणसं जिंकली. मी रोजनिशी परत कपाटात ठेवली.

वर्धापनदिनाला नावं वाचली गेली. बाहेर आजींनी विचारलं, "भेटला काय गा पुरावा?"

"नाही, आजी."

"जाऊ दे. मेलेल्याले काय फरक पडते?"

त्यानंतर गुडघ्यांमुळे त्यांचं चर्चला येणं थांबलं. महिनाभराने मी रोजनिशी घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि ती पानं वाचून दाखवली.

"म्हणजे तवा तुह्यापाशीच होतं हे?"

"होतं."

"काहून लपवलं गा?"

"माझा लेख खोटा पडला असता."

त्यांनी माझ्या हातातली रोजनिशी मिटली. मग म्हणाल्या, "इथं माफी मागू नको. चर्चात खोटा वागला, तिथंच माग."

पुढच्या रविवारी नातवाने त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. साक्षीच्या वेळी, म्हणजे कुणीही उठून आपला अनुभव सांगतो तेव्हा, मी उठलो, विणकराचं नाव वाचलं. उठावं की नाही म्हणून लोक एकमेकांकडे बघत राहिले. आजींनी शेजारच्या बाकाला धरून उठायला पाहिलं, जमलं नाही.

मी म्हणालो, "हे नाव मला ठाऊक होतं. माझी लाज झाकायला मी ते दडवलं. आजी, तुम्हाला उभं राहता येत होतं तेव्हा वाचलं नाही. मला माफ करा."