मीटिंग रूममधलं स्थळ

चिंचवडगावात, देवळाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर, अनेकांनी मिळून वापरायच्या ऑफिसात मी महिन्याच्या भाड्याने एक टेबल घेतलं आहे. चाकणच्या कारखान्यांत जपानी मशिनं येतात, त्यांची माहितीपुस्तकं मी मराठीत आणते. दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत आईवडील, भाऊ, वहिनी आणि त्यांची जुळी मुलं. तिथे एक पान धड होत नसे. इथे वीज, इंटरनेट, चहा, झाडलोट सगळं भाड्यातच येतं. महिन्यातून काही तास मीटिंग रूमही मिळते. ती मी कधी वापरलीच नव्हती. मला भेटायला येणार कोण?

गेल्या वर्षी एक स्थळ आलं. मुलगा भोसरीत नोकरीला. आईने पडदे धुवायला काढले, तेव्हा मी म्हटलं, "या वेळी घरी नको. त्यांना माझ्या ऑफिसात बोलवू."

"ऑफिसात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला परत तो ट्रे घेऊन बाहेर यायचं नाही."

वडील म्हणाले, "पार्किंग आहे का तिथे?" त्यांच्याकडून तो होकारच होता.

शनिवारी मुलगा आणि त्याचे आईवडील आधी देवदर्शन करून, कपाळाला गंध लावून आले. रिसेप्शनवरच्या मुलीने नियमाप्रमाणे सगळ्यांच्या गळ्यात पाहुण्यांचे बिल्ले घातले. मुलाच्या आईने आपला पदराखाली झाकला.

आईने डब्यातून पोहे आणले होते, पण मीटिंग रूममध्ये बाहेरचं खाणं चालत नाही. ऑफिसातल्या मावशी चहा-बिस्किटं ठेवून गेल्या आणि आईला काही कामच उरलं नाही. घरी असल्या वेळी ती स्वयंपाकघरात असायची. बाहेर काय बोलणं झालं ते तिला नंतर वडिलांकडून कळायचं. आज ती सगळ्यांबरोबर टेबलाशी बसली.

दोघे वडील कंपन्या, शिफ्ट, ओव्हरटाइम यांवर बोलत होते. आई मध्येच मुलाकडे वळली. "तुम्ही घरी आल्यावर काय करता?"

तो गोंधळला. "म्हणजे... जेवतो. मोबाइल बघतो."

"स्वयंपाक कोण करतं?"

"आई."

"आणि त्या आजारी पडल्या तर?"

"मी आजारीच पडत नाही," त्याची आई म्हणाली. मग मुलाला म्हणाली, "सांग की, माझं ऑपरेशन झालं तेव्हा डबा लावला होता." ती आणि माझी आई एकदमच हसल्या.

मुलाने मला एवढंच विचारलं, "हे टेबल लग्नानंतरही ठेवणार?"

"हो," मी म्हटलं. त्याने मान हलवली.

आठवडाभराने मध्यस्थाने नकार कळवला. मुलाच्या वडिलांचं म्हणणं, घरी बोलावलं नाही म्हणजे ही माणसं काहीतरी लपवत असणार. मला वाईट वाटलं. मुलगा बरा वाटला होता. वडील चिडले, पुढच्या वेळी सरळ घरीच, असं त्यांनी जाहीर केलं.

दिवाळीनंतर दुसऱ्या स्थळाचा फोन आला, तो नेमका आईने उचलला. "आमच्याकडे मुलीच्या ऑफिसात बसायची पद्धत आहे," तिने कुणालाही न विचारता सांगून टाकलं. फोन ठेवून मला म्हणाली, "खोली मिळते का बघ. आणि या वेळी जरा जास्त वेळ घे."