कोठारातला वधुपिता

हाचिलेकाच्या कुळाने आमची आणि आम्ही त्यांची टर उडवायची, रागवायचं मात्र कुणी नाही, हा आमच्याकडचा वाडवडिलांचा शिरस्ता. तेव्हा हे मी हक्काने सांगतोय.

मोन्झे गावाजवळच्या शेतावर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं कोठार हाचिलेकाकडे. इंजिनं, अॅक्सल, गिअरबॉक्स, सगळं तो एकटा लोखंडी नळ्यांवरून सरकवायचा आणि लाकडी उट्या, म्हणजे पाचरी, लावून थोपवायचा. कुठली उटी आधी काढायची, हे कुणाला सांगत नसे. सांगितलं की कोठाराची किल्ली दुसऱ्याकडे गेली, आणि किल्ली गेली की मालक घरी बसवणार, ही धास्ती.

त्याच्या थोरलीला, चोलवेला, मागणी घालायला पाहुणे येणार होते, त्या सकाळी तो कोठारात शिरला. चांगला कोट आणायला. घरी उंदीर कुरतडतात म्हणून कोट तिथेच टांगलेला. घाईत भलतीच उटी उपटली. गिअरबॉक्स गडगडत आला आणि दारात रुतून बसला. म्हातारा आत, आम्ही बाहेर.

"चिरडलास का रे?" मी विचारलं.

"तुझं कुळ बुडेपर्यंत मी मरत नाही."

"मग सांग, कुठली उटी काढू?"

"डावीकडची..." म्हणाला आणि गप्प झाला. माझ्यामागे मेकॅनिक ल्वीन्डो कान देऊन उभा होता ना.

"सांग की. पोरीचे पाहुणे येऊन बसलेत."

"त्यांना इकडेच आण."

आणलं. काय करणार? वडीलधारे ट्रॅक्टरच्या चाकांना लावायच्या लोखंडी वजनांवर टेकले. मक्याच्या आंबवलेल्या चिब्वान्टूचा पेला गिअरबॉक्सशेजारच्या फटीतून आत गेला, रिकामा बाहेर आला.

"मुलगी देता ना?" त्यांनी फटीला विचारलं.

"दिली," फट म्हणाली.

"व्याही चांगला आहे हो," मी म्हटलं, "फक्त सुटा मिळत नाही."

पाहुणे हसले. चोलवे नाही हसली. ती फटीशी वाकली. "बाबा, मला तरी सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

आतून आवाज आला, "तू जा. पाहुण्यांना जेवायला वाढ."

आम्हाला सगळ्यांनाच त्याने हाकललं. ऊन कलेपर्यंत आत खडखड चालू होती. मग बाहेर आला तो कोटाला ग्रीस माखून, आणि वळून आधी कुलूप लावलं. कसा निघाला, देव जाणे.

लग्न चोमाला, नवऱ्याच्या गावी झालं. हाचिलेका गेला नाही. नांगरणीचे दिवस, कोठार कोण उघडणार? त्याच्या जागी मी बसलो, त्याचाच कोट घालून. चोलवेने आमच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार केला तो त्या कोटाला. माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही.

ही गोष्ट मात्र मी त्याला अजून थट्टेत ऐकवलेली नाही.